जमीन आमची, टहाळ त्याचा

१२ एप्रिल, हनुमान जयंती

ही डायरी समीक्षाने दिली. म्हणाली, आजी, दिवसभर माझ्याशी बोलतेस ते यात लिही, माझे कान जरा सुटतील. शहाण्या माणसांनी लिहायची वस्तू, पण या वाडीत शहाणी माणसं उरलीत कुठे, म्हणून मीच लिहिते. दुसरीपर्यंत शिकले, तीसुद्धा माहेरी तुडीलला. पुढे बापाने म्हशीमागे लावलं. म्हैस मास्तरपेक्षा बरी होती, निदान मारायची नाही.

समीक्षा म्हणजे माझी नात, मंगेशची मुलगी. भांडुपला कपड्यांच्या दुकानात लोकांनी विसकटलेल्या कपड्यांच्या दिवसभर उभी राहून घड्या करायची. शिमग्याला पालखीसाठी आली ती परत गेलीच नाही. मंगेश रोज फोन करतो, आये, पोरीला कधी पाठवतेस. मी म्हणते, आवाज येत नाय रे, आणि ठेवून देते. आवाज चांगला येतो.

आता तिने नवीन काढलंय. घरामागच्या उतारावर आमची ऐनाची झाडं आहेत, त्यांच्याखाली हळद लावायची. त्यासाठी शेतीचं शिकवणाऱ्या कुठल्याशा संस्थेचा प्रितम म्हणून कोणी येतो. डोक्यावर टोपी, पायात पांढरे बूट. पांढरे बूट घालून शेतावर येणाऱ्या माणसाबद्दल मला आणखी काही लिहायची गरज नाही.

तो म्हणाला, "आजी, हवामान बदललंय."

म्हटलं, "असं काय? मला वाटलं, दिवाळीला कापायला आलेला भात आडवा झाला तो दमून झोपला."

मग सांगायला लागला. झाडं माती धरून ठेवतात, पाल्याने जमीन झाकली की पावसाने धुपत नाही, सावलीत हळद चांगली होते, आणि डुकरं-वानरं हळदीला तोंड लावत नाहीत. हे शेवटचं तेवढं कामाचं. आमची नाचणी गेली काही वर्षं वानरंच खातात, आम्ही नुसती पेरतो. पण पुढे म्हणतो, जमीन भाजायची नाही. न भाजलेल्या जमिनीत काय उगवणार? याच्या आईने याला भाकरीसुद्धा न भाजताच वाढलेली दिसते.

जाताना वर बघून म्हणाला, सावली फार दाट आहे, निम्म्या झाडांच्या फांद्या उतरवा. तेव्हा मी जे हसले ते त्याला कळलं नाही. फांद्या आमच्या नाहीत.

१४ एप्रिल

समीक्षाने काल झाडाला कोयता लावला आणि महिपती धावत आला. धावत म्हणजे त्याच्या हिशोबाने. आम्ही त्याला येताना बघितलं, चहा केला, प्यायलो, तेव्हा तो पोचला.

महिपती माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा हा नाक वर ओढत फिरायचा. ते पुसायला मी शिकवलं, आणि पुढे बाकी काहीच कोणी शिकवलं नाही.

सासऱ्यांनी, गोमाजींनी, जाण्याआधी वाटणी केली. खालचं मोठं भाताचं खाचर महिपतीला, वरचा उतार आणि एक लहान खाचर आम्हाला. पण भाताचं रोप करायचं तर आधी राब लागतो. रोपाच्या जागी झाडाचा टहाळ म्हणजे फांद्या-पाला पसरायचा, वर शेण, गवत, माती टाकायची, सुकलं की पेटवायचं, आणि त्या भाजलेल्या जमिनीत भात पेरायचा. महिपतीच्या वाट्याला झाडं नव्हती. म्हणून सासरे म्हणाले, उताराची जमीन थोरल्याची, झाडांचा टहाळ धाकट्याचा. बदल्यात धाकट्याने थोरल्याच्या गुरांना पेंढा द्यायचा. दोघांना भांडायला पुरेल असं ठेवून गेले. मनाने चांगले होते, पण असंच करायचे.

महिपतीची बायको बयाबाई गेली, मुलगा मुंबईला गेला, तेव्हापासून त्याने भात टाकून दिला. खाचरात गवत. पेंढा नाही की काही नाही. झाडांना कोयता नाही म्हणून ती अशी माजलीत. आणि हा आता येऊन सांगतो, "पोरी, कोयता लावू नको. टहाळ माझा हाय."

समीक्षा म्हणाली, "आजोबा, तुम्हाला कशाला हवाय? तुम्ही भात लावत नाय."

"लावत नाय म्हंजे सोडलाय असं नाय."

मी म्हटलं, "पेंढा दे आधी मागच्या सगळ्या सालांचा."

"वयनी, गुरं हायत का तुझ्याकडं पेंढा खायाला?"

म्हैस मी मागच्याच्या मागच्या वर्षी विकली हे त्याला बरोबर ठाऊक. असला माणूस. एक गाय आहे म्हटलं, तर म्हणतो, तिला दात कुठं हायत.

२० एप्रिल

देवळात गावकी बसली. गावकी म्हणजे चांगू आणि आणखी चार म्हातारे, ज्यांना घरी कोणी बसू देत नाही. चांगू सगळ्यात वयाने मोठा म्हणून त्याचा शब्द शेवटचा, आणि तो शब्द यायला तो इतका वेळ खोकतो की माणूस मध्येच जाऊन दळण आणेल.

समीक्षाने हात जोडून सांगितलं की हळद लावायची तर ऊन थोडं खाली यायला हवं, आणि पाला जमिनीवर अंथरायला हवा. चांगू खोकून म्हणाला, "गोमाजीनं टहाळ दिला तो राबासाठी. जो राब भाजंल त्याचा टहाळ. भाजणार नसंल तर टहाळ जमिनीसोबत."

मी उठलेच होते. झालं, आमचा झाला. तर महिपती म्हणतो, "मी यंदा भात लावणार."

सगळे हसले. मी जास्त हसले. त्याला उकिडवं बसता येत नाही, हा भात लावणार. एकटी समीक्षाच तेवढी हसली नाही. पोर भोळी आहे, भांडुपला राहून बिघडली.

२४ एप्रिल

आज महिपती झाडावर चढला. पडतो का ते बघायला मी सकाळपासून खाली जाऊन बसले. इतकी करमणूक मला टीव्हीत होत नाही.

कमरेला आकडी, आकडीत कोयता, डोक्याला टॉवेल. पहिल्या फांदीवर पोचून बसला तो बसलाच. म्हटलं, "झोप लागली काय रे?" म्हणतो, "हवा चांगली हाय." धाप लागली होती. मग तोडायला लागला. एकेक फांदी अशी विचार करून तोडतो जशी काय मुलगी द्यायची आहे.

मी ओरडले, "शेंडा ठेव. बोडकं करशील झाड."

"मला शिकवतेस काय?"

"तुला नाक पुसायला कोणी शिकवलं?"

"ते तू शिकवलंस. टहाळ आबांनी शिकवला." आबा म्हणजे आमचे सासरे.

तिसऱ्या झाडावर त्याचा पाय घसरला. माझ्या हातातला पानाचा बटवा मातीत सांडला, सगळी सुपारी गेली. त्याला काही झालं नाही. असल्या माणसांना होत नाही. पाणी समीक्षाने नेलं, मी फक्त कळशीतून तांब्या भरून दिला, आणि गुळाचा खडा तिला दिसेल असा ठेवला.

निम्मी झाडं उतरवली आणि निम्मी तशीच ठेवली. दम संपला. विचारलं तर म्हणतो, ही पुढच्या वर्षाला. पुढच्या वर्षाची भाषा करतो, जिना चढून दाखव म्हणावं.

४ मे

प्रितम आला. झाडांखाली उभा राहून जमिनीवरचं ऊन बघत होता, म्हणाला, एवढीच सावली हवी होती, कोणी छाटलं? मी म्हटलं, आपोआप पडलं.

समीक्षा उतारावर आडवे वाफे घालते आहे, दोन झाडांच्या मधे एक असे. हाताला फोड आले. मी म्हटलं, हळद लाव. म्हणाली, आजी, हळदच लावतेय. पोर विनोद माझ्यासारखे करते, आईवर नाही गेली.

मंगेशचा फोन. दुकानवाला गणपतीपर्यंत जागा ठेवतो म्हणाला. हळदीचं काही झालं नाही तर मी स्वतः येऊन घेऊन जाईन, म्हणे, पोरीचं लग्नाचं वय झालंय, डोंगरात कुठला नवरा मिळणार. मी म्हटलं, मला मिळाला होता. तर म्हणतो, आये, चेष्टा नको. याला मी जन्म दिला. चेष्टा न कळणारं हे घराण्यात पहिलंच.

मी माझा राब भाजून मोकळी झाले. आम्ही शेणाचा आणि गवताचा करतो, टहाळ नाही ना आमचा. महिपतीने त्याचा टहाळ खाचरात पसरलाय, पण हिरवा आहे, सुकतो कधी आणि भाजतो कधी. टहाळ थंडी सरायच्या आत तोडायचा असतो. चैत्र सरताना तोडणारा महिपतीच.

२१ मे

दोन दिवस पाऊस कोसळतो आहे. मे महिन्यात. आकाशालासुद्धा आता काही लाज राहिली नाही.

महिपतीचा राब भिजला. काल त्याने पेटवायला बघितला. रॉकेल ओतलं, सुक्या गवताची पेंढी घातली, फुंकणी घेऊन बसला. नुसता धूर. वाडीभर कुणाचे डोळे उघडेनात. मी दारात उभी राहून म्हटलं, "मच्छर गेले रे, उपकार झाले." त्याने वळून बघितलं नाही. ऐकायला आलं नसेल म्हणून पुन्हा म्हटलं.

समीक्षा छत्री घेऊन खाली गेली, त्याच्याजवळ उभी राहून आली. काय म्हणाला विचारलं तर म्हणाली, "काय नाय. आबांच्या वेळी पाऊस असा नव्हता म्हणाले." कारणं. आळशी माणसाला पाऊस पुरतो.

राब भाजला नाही म्हणजे टहाळाचा हक्क गेला. चांगूने शब्द दिलाय. मी जिंकले. संध्याकाळी शिरा केला. समीक्षाने खाल्ला नाही, म्हणाली, भूक नाही. तिची वाटी घेऊन खाली महिपतीकडे गेली. माझा शिरा. साखर जास्त पडली होती म्हणून जाऊ दिलं.

३० मे

जरा उघडीप मिळाली. हळद लावली. मी हात लावणार नव्हते, पण पोर कंद उलटे ठेवत होती, डोळा खाली. म्हणून बसले. बसले ती अंधार पडेपर्यंत बसले. न भाजलेल्या जमिनीत लावणं म्हणजे कंद पुरणं. मी समीक्षाला सांगितलं, आता फक्त दहावं घालायचं राहिलं.

१६ जून

पावसाने काल रात्रीपासून धुमाकूळ घातला. सकाळी उतारावर गेलो तर वरच्या वाफ्यांची माती खाली आलेली, दोन वाफ्यांत कंद उघडे पडलेले, पांढरे कोंब भिजत होते. मला मागच्या त्या वाईट पावसाची आठवण आली, जेव्हा पलीकडचा डोंगर झाडं नव्हती तिथून खाली आला होता. त्यावर लिहायचं नाही.

प्रितम फोनवर म्हणाला, आजच्या आज पाला अंथरा, नाहीतर राहिलेले वाफेही जातील. पाला आणायचा कुठून? या पावसात निसरड्या झाडावर चढणार कोण? यंदा उतरवलेला सगळा टहाळ महिपतीच्या खाचरात पडलाय, ना भाजलेला ना उचललेला, कुजतोय.

समीक्षा म्हणाली, "आजी, मी आजोबांकडे मागते."

म्हटलं, "त्याच्या दारात जायचं नाय."

"का?"

"टहाळ आता आपला हाय. आपलीच वस्तू मागायची नाय."

"मग उचलून आणूया?"

"त्याच्या खाचरात पाय ठेवायचा नाय."

पोरीने माझ्याकडे बघितलं. आत गेली, बॅग काढली आणि एकेक कपडा घडी करून ठेवायला लागली. दुकानातली सवय, कड अशी सरळ की बोट कापेल. मी विचारलं, एवढ्या घड्या कशाला? म्हणाली, पावसात कपड्यांना वास येतो, म्हणून.

बरोबर आहे, येतो वास. पण बॅगेची चेन तिने लावून टाकली. मला आज जेवण गेलं नाही. वांगं कडू होतं.

१७ जून

पाऊस. लिहायला काही नाही. बॅग तिथेच आहे, मांडणीच्या खाली.

१८ जून

आज या महिपतीला मी सोडणार नाही.

सकाळी उठून मागे जाते तर आमच्या उतारावर सगळीकडे ओला पाला. प्रत्येक वाफ्यावर. काळा पडलेला, कुजका, वास येणारा टहाळ आमच्या रानात आणून टाकलेला, वरपासून खालपर्यंत एक वाफा सोडला नाही. जाड फांद्यासुद्धा आडव्या टाकल्यात खालच्या कडेला, पाय अडकून पडेन मी. भिजत, वाकून, भारे वाहून आणले असतील. नुसता खोडसाळपणा करायला माणूस किती कष्ट घेतो बघा.

तो खाली खाचरात प्लास्टिक पांघरून उभा होता. मी बांधावरून ओरडले, "आमचं रान उकिरडा हाय काय रे?"

तो म्हणतो, "जमीन तुमची, टहाळ माझा. माझा टहाळ मी कुठंबी ठेवीन."

"राब भाजला नायस. टहाळ तुझा राहिला नाय."

"मग तुझा हाय तर उचल."

समीक्षा माझ्या मागे उभी राहून हसत होती, इतकी की खाली बसली. मी म्हटलं, हसतेस काय, हा कचरा काढायला हवा. म्हणाली, "आजी, हात लावलास तर बघ." मोठ्यांशी असं बोलतात का? दुपारी बघते तर बॅग रिकामी, कपडे मांडणीवर, घड्या सगळ्या मोडलेल्या. ओरडले तिला. मग भाकऱ्या भाजल्या, वांगं केलं. वांगं गोड होतं.

५ जुलै

हळद उगवली. भाजल्याशिवाय. माझ्या हाताला गुण आहे, माहेरीसुद्धा सगळे म्हणायचे. प्रितमने पाला उचकून खालची माती दाखवली, जागची हलली नव्हती. मी म्हटलं, आमची मातीच चिकट. त्याच्या बुटालाही लागली. आता तो काळी चप्पल घालून येतो.

आमचं भात लावून झालं. रोप उरलं. उरणारच, मी पेरतानाच हात सैल सोडला होता, हाताचं काय सांगता येतं. महिपतीने न भाजलेल्या जागेत भात फेकला होता तो कुजला. एवढं मोठं खाचर पाणी भरून नुसतं आरशासारखं पडलंय. डोळ्यांना त्रास होतो.

उरलेल्या रोपाच्या जुड्या फेकायच्याच होत्या. त्याच्या बांधावर नेऊन फेकल्या.

म्हणाला, "हे कुणाचं?"

म्हटलं, "कचरा हाय. तू टाकलास, मी टाकला."

तो जुडी हातात घेऊन बघत बसला. मग चिखलात उतरला आणि लावायला लागला. त्याच्या ओळी म्हणजे रानडुक्कर दारू पिऊन गेलेलं. मला घरातून ते दिसत राहिलं. शेवटी मीच उतरले, सांगितलं, बाजूला हो, आणि समीक्षाला हाक मारली. तिघांनी लावलं. रोप सगळ्या खाचराला पुरलं नाही, वरचा कोपरा राहिला. तो म्हणाला, "बया असती तर तिनं तिकडं वाल टाकलं असतं." मी म्हटलं, बया असती तर तुझ्या ओळी बघून माहेरी गेली असती. तो हसला. तोंडात चार दात, तेही एकमेकांशी बोलत नाहीत.

२९ ऑगस्ट, गणपती

मंगेश आला. वीर स्टेशनला उतरून रिक्षा केली, रिक्षावाल्याशी भांडला, आल्याआल्या मला ते भांडण पहिल्यापासून सांगितलं. परतीचं तिकीट दोघांचं काढून आणलंय. बापाचा शहाणपणा.

समीक्षा त्याला मागे घेऊन गेली. हळद त्याच्या कमरेच्या वर गेलीय. ऐनांच्या मधून वाफे कसे सरळ आडवे गेलेत, पाल्याखाली गांडुळं कशी झालीत, ती त्याला माती उचकून दाखवत होती. तो बूट सांभाळत उभा. म्हणाला, "हे विकणार कुठे?" ती म्हणाली, "आधी काढू दे पप्पा." पांढरे बूट आहेत त्याचेही. माझ्या पोटचा असून.

हळदीच्या पानातल्या पातोळ्या केल्या. तांदळाचं पीठ, गूळ-खोबरं, पान दुमडून वाफ दिली की घर कसं वासाने भरतं. पानं पहिल्यांदाच घरची. महिपतीला बोलावलं नव्हतं, वासावर आला. पाटावर बसता येत नाही म्हणून खुर्ची दिली, देवासमोर खुर्चीत बसून खातो, राजा.

जेवताना मंगेशने समीक्षाला विचारलं, "बॅग भरलीस का?"

ती म्हणाली, "हळद काढायला माघ येईल पप्पा. तेव्हाच टहाळ पण हाय."

"मग शिमग्याला येशील?"

"शिमग्याला तुम्हीच या पालखीला."

तो माझ्याकडे वळला. "आये, तू तरी सांग तिला."

मी म्हटलं, "आवाज येत नाय रे."

"आये, मी समोर बसलोय."

"काय म्हणतोस?"

महिपतीच्या घशात पातोळी अडकली, पाठीवर थोपटावं लागलं. मंगेशने तिकीट खिशातून काढलं, बघितलं, परत ठेवलं. मग आणखी दोन पातोळ्या मागून घेतल्या. उद्या जाताना तो आईसाठी म्हणून पानं बांधून नेणार आहे. आईसाठी म्हणजे त्याच्या बायकोसाठी. मी इथे बसलेली असून.

हात धुवून महिपती मागच्या दारात उभा राहिला, वर झाडांकडे बघत. म्हणाला, "वयनी, माघात येतो टहाळाला. राहिलेली झाडं उतरवायला."

म्हटलं, "ये. पण पडून मरायचं असंल तर तुझ्या खाचरात जाऊन मर. झाडाखाली हळद हाय."

"बरं," म्हणाला, आणि उरलेल्या पातोळ्या टॉवेलात बांधून गेला. पेंढ्याचं विचारायचं राहिलं. उद्या बांधावरून ओरडून विचारीन.